१९२३ चा जर्मनी: छापखाना थांबवायला लागलेले दहा महिने

माझ्याकडे एक जुनी जर्मन नोट आहे. पुण्यात एका नाणेसंग्राहकाकडून अगदी किरकोळ किमतीला मिळाली. नोट हजार मार्कांची, तारीख १५ डिसेंबर १९२२. मूळ छपाईवर लाल शाईत ठसठशीत छाप उमटवलेला आहे: आइन मिलियार्डे मार्क. म्हणजे शंभर कोटी मार्क. नवी नोट आखून छापायची उसंत राहिली नव्हती, म्हणून हजाराच्या पडून असलेल्या गठ्ठ्यांवरच लाल शाई फिरवली आणि १९२३ च्या सप्टेंबरात त्या बाजारात सोडल्या. नोव्हेंबरात बर्लिनमध्ये किलोभर राय (गव्हासारखे एक धान्य) या धान्याच्या पावाला अशा दोनशे नोटा मोजाव्या लागत होत्या.

या वर्षाबद्दल आपल्याकडे लिहिले जाते ते बहुतेक वेळा हातगाडीभर नोटांचा फोटो टाकून. तो फोटो शेवटचा अंक आहे. मला त्याआधीच्या दहा महिन्यांत रस आहे: ११ जानेवारीपासून १५ नोव्हेंबरपर्यंत कोणासमोर कोणता पर्याय होता, कोणी काय निवडले, आणि थांबायला इतका वेळ का लागला. चलन कसे कोसळते हे समजायला फार डोके लागत नाही. थांबवण्याचा मार्ग डोळ्यांसमोर असताना शहाणी, प्रामाणिक माणसे त्या मार्गाने का जात नाहीत, हे समजून घेणे अवघड आहे.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाआधी एका डॉलरला ४.२० मार्क पडत. युद्धाचा खर्च जर्मन सरकारने करांतून फारसा काढला नाही. लोकांना युद्धरोखे विकले. जिंकलो की हरणाऱ्याकडून वसूल करू, हा हिशेब होता. जर्मनी हरला. रोख्यांचे कर्ज राहिले, सैनिकांच्या विधवा आणि अपंगांची पेन्शने आली, आणि वर्सायचा तह आला. मे १९२१ मध्ये दोस्त राष्ट्रांनी नुकसानभरपाईचा आकडा ठरवला: १३,२०० कोटी सुवर्णमार्क, म्हणजे सोन्याच्या मूल्यात मोजलेले मार्क. त्यातला मोठा भाग कागदावरचाच होता, वसूल होईल असे खुद्द मागणाऱ्यांनाही वाटत नव्हते. पण आकडा जाहीर झाला आणि जर्मन राजकारणात विष कालवले गेले.

कर वाढवण्याचा एक गंभीर प्रयत्न झाला होता, तो विसरता कामा नये. अर्थमंत्री मातियास एर्त्सबर्गर यांनी १९१९-२० मध्ये करव्यवस्था मुळापासून बदलली, वसुली प्रांतांकडून काढून केंद्राकडे आणली. ऑगस्ट १९२१ मध्ये उजव्या अतिरेक्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांचा खून झाला. ते ज्यू होते, आणि तहातल्या अटी शक्य तितक्या पाळून दाखवाव्यात या मताचे होते. त्यांच्या खुनानंतर मार्कवरचा परदेशी लोकांचा उरलासुरला भरवसाही उडाला. तोवर बाहेरचे लोक मार्क विकत घेऊन ठेवत होते, कधीतरी वर येईल म्हणून. ते थांबले.

करांच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. कामगाराचा कर पगारातूनच कापला जाई, म्हणजे सरकारला तो ताज्या पैशांत मिळे. कारखानदार आणि व्यापारी आपला कर वर्ष संपल्यावर हिशेब करून भरत, आणि तोपर्यंत मार्क निम्म्या-पावावर आलेला असे. जो उशिरा भरेल त्याला जास्त फायदा. महागाई ही कर बुडवण्याची कायदेशीर वाट झाली होती आणि ती वाट फक्त वरच्यांना खुली होती.

पेच

डिसेंबर १९२२ च्या अखेरीस नुकसानभरपाई आयोगाने निकाल दिला की जर्मनीने ठरलेले लाकूड, त्यात तारायंत्राचे खांबही आले, पूर्ण पोहोचवले नाही. जानेवारीत कोळशाबद्दल तसाच निकाल आला. ब्रिटनचे मत विरुद्ध पडले. फ्रान्सचे पंतप्रधान रेमाँ प्वाँकारे यांना वसुली हवी होती, आणि बहुधा त्याहून जास्त काही हवे होते. ११ जानेवारीला फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य पश्चिम जर्मनीतल्या रूरच्या खोऱ्यात शिरले. वरच्या सायलेशियाचा बहुतेक औद्योगिक पट्टा आधीच हातचा गेला होता, त्यामुळे जर्मनीचा बहुतेक कोळसा आणि पोलाद आता या एका पट्ट्यातून येत होते.

चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, होते विल्हेल्म कूनो, राजकारणात येण्याआधी हॅम्बर्गच्या मोठ्या जहाज कंपनीचे प्रमुख. लढायला सैन्य नव्हते, तहाने ते एक लाखावर आणून ठेवले होते. गप्प बसणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. म्हणून निष्क्रिय प्रतिकाराची हाक दिली गेली: खाणीत उतरू नका, फ्रेंचांसाठी गाडी हाकू नका, त्यांचे हुकूम मानू नका.

आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. चौरीचौरानंतर गांधीजींनी असहकार मागे घेतला त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. फरक एकच, पण सगळे त्यातच आले. रूरमधला असहकार सरकारने पुकारला होता आणि सरकारच त्याचा पगार देत होते. घरी बसलेल्या कामगाराची मजुरी, हाकलून दिलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याचे वेतन, बंद खाणीच्या मालकाची भरपाई, सगळे बर्लिनच्या तिजोरीतून.

तिजोरीला तीन भोके एकदम पडली. रूरला पैसे जायला लागले, रूरमधून येणारा कर थांबला, आणि बाकीच्या देशाला लागणारा कोळसा ब्रिटनकडून परकीय चलनात घ्यावा लागला. एवढा खर्च भागवायला नवा कर लावला गेला नाही. मंत्रिमंडळाने राइशबँकेकडे, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे, हुंड्या पाठवल्या आणि राइशबँकेने त्यावर नोटा दिल्या.

लोकांनी सोसले, यात शंका नाही. ३१ मार्चला एसेनमध्ये क्रुपच्या कारखान्यात फ्रेंच तुकडी मोटारी ताब्यात घ्यायला आली, भोंगे वाजले, कामगार जमले, आणि गोळीबारात १३ जण मेले. फ्रेंच लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली ती गुस्ताव क्रुप यांना, पंधरा वर्षांची. हजारो कुटुंबांना सामानासकट हद्दीबाहेर काढले. उपाशी पोरांना आगगाडीत बसवून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शेतकऱ्यांकडे पाठवले. पहिल्या आठवड्यांत कम्युनिस्टांपासून राष्ट्रवाद्यांपर्यंत सगळे एका बाजूला होते. ही एकी खरी होती. म्हणूनच ती मोडायची हिंमत कोणाला होईना.

राइशबँकेतला माणूस

राइशबँकेचे अध्यक्ष रुडोल्फ हाफेनश्टाइन १९०८ पासून त्या खुर्चीत होते. सचोटीचे, कष्टाळू, सम्राटाच्या काळातले अधिकारी. दोस्त राष्ट्रांच्या आग्रहामुळे १९२२ मध्ये बँकेला सरकारपासून स्वायत्तता मिळाली होती. हाफेनश्टाइनना कोणी काढू शकत नव्हते. म्हणजे 'नाही' म्हणायचा कायदेशीर अधिकार त्यांच्याकडे होता. त्यांनी तो वापरला नाही.

सुरुवातीला त्यांनी चांगला प्रयत्न केला. जानेवारीअखेर डॉलर ४९,००० मार्कांपर्यंत गेला होता. बँकेने आपले परकीय चलन बाजारात ओतून तो २१,००० च्या आसपास आणला आणि दोन महिने तिथे धरून ठेवला. या दोन महिन्यांकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. एवढ्या अवधीत कर लावता आला असता, वाटाघाट सुरू करता आली असती. सरकारने मार्चमध्ये डॉलरशी बांधलेले रोखे काढले. अपेक्षेच्या निम्मेही खपले नाहीत. ज्यांच्याकडे डॉलर होते ते मोठे उद्योगपती ते सोडायला तयार नव्हते. १८ एप्रिलला बांध फुटला.

इथे व्याजदर बघावा. राइशबँकेचा दर जानेवारीत १२ टक्के होता, एप्रिलअखेर १८, ऑगस्टच्या सुरुवातीला ३०, सप्टेंबरच्या मध्यावर ९०. हे दर वर्षाचे. सरासरीने डॉलर जुलैत साडेतीन लाख मार्कांना होता, ऑगस्टमध्ये ४६ लाखांना, सप्टेंबरमध्ये जवळजवळ दहा कोटींना. ज्या उद्योगपतीला बँकेतून कर्ज मिळे तो आज कर्ज काढून कारखाना, जहाज, हॉटेल घेई आणि तीन महिन्यांनी ते कर्ज चहाच्या पैशांत फेडे. ह्युगो स्टिनेस यांचे अवाढव्य साम्राज्य याच काळात फुगले. न्यायालये 'मार्क म्हणजे मार्क' या तत्त्वाला धरून होती. १९१३ मध्ये कोणी घरावर दहा हजार मार्क कर्ज दिले असेल, तर आता त्याला दहा हजार कागदी मार्क परत घेऊन पावती द्यावी लागे. त्या पैशांत पोस्टाचे तिकीटही येत नसे.

हाफेनश्टाइनना हे दिसत नव्हते का? त्यांची समजूत अशी होती की मार्क घसरतो तो नुकसानभरपाई आणि परदेशी देण्यांमुळे. किमती त्यामुळे चढतात. आणि चढलेल्या किमतींना पुरेल इतका पैसा बाजाराला देणे हे बँकेचे कर्तव्य आहे. तेव्हाचे जर्मनीतले बरेच अर्थतज्ज्ञ हेच म्हणत. १७ ऑगस्टला त्यांनी सांगितले की बँक आता रोज वीस लाख कोटी मार्कांच्या नोटा काढते, पुढच्या आठवड्यात रोज ४६ लाख कोटी काढेल. एकूण चलन ६३ लाख कोटी आहे, म्हणजे लवकरच त्याच्या दोनतृतीयांश एवढ्या नोटा एका दिवसात काढता येतील. लपवायचे काहीतरी सांगतोय असा सूर त्यात नव्हता. नोटांचा तुटवडा दूर करतोय असे त्यांना मनापासून वाटत होते. शंभराहून अधिक खासगी छापखाने आणि तीसहून अधिक कागदगिरण्या त्यांच्यासाठी राबत होत्या.

हा या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे असे मला वाटते. सगळे नियम पाळणारा एक प्रामाणिक अधिकारी चुकीच्या समजुतीवर दिवसरात्र काम करत होता, आणि जितकी मेहनत जास्त तितका नाश जास्त होत होता.

त्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. चलन किती काढायचे हे काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, त्याला पक्की मर्यादा हवी, हा त्यातला गाभ्याचा आग्रह. प्रबंध हिंदुस्थानच्या चलनाबद्दल होता. पण त्या वर्षीचे बर्लिन डोळ्यांसमोर ठेवून वाचला की त्या आग्रहाचे वजन कळते.

ऑगस्ट: समोर काय पर्याय होते

१० ऑगस्टला छापखान्यांतले कामगार संपावर गेले आणि नोटा येणेच बंद झाले. दोन दिवसांत कूनो सरकार गेले. राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिख एबर्ट यांनी गुस्ताव स्ट्रेझमान यांना बोलावले. युद्धकाळात विस्तारवादी, नंतर प्रजासत्ताकाला डोक्याने स्वीकारलेला, उद्योगपतींच्या पक्षाचा माणूस. त्यांनी सोशल डेमोक्रॅटांना बरोबर घेऊन चार पक्षांचे सरकार केले.

प्रतिकार चालू ठेवून ब्रिटनची वाट पाहणे हा एक पर्याय होता. ११ ऑगस्टलाच ब्रिटिश सरकारने फ्रान्सला कळवले होते की हा कब्जा तहात बसत नाही. या कागदावर बर्लिनमध्ये पुष्कळ आशा बांधल्या गेल्या. कागदापुढे ब्रिटन काही गेला नाही.

दुसरा पर्याय फार कमी जण उघड बोलत: पश्चिमेकडचा व्यापलेला मुलूख फ्रान्सच्या गळ्यात टाकायचा, त्याला पैसे देणे बंद करायचे, आणि तह मोडला म्हणून मोकळे व्हायचे. डुइसबुर्गचे महापौर कार्ल यारेस यांनी ही दिशा मांडली. तिसरा पर्याय हुकूमशाहीचा. संसद बाजूला सारून लष्करप्रमुख हान्स फॉन सेक्ट किंवा तीन-चार 'बळकट' माणसांच्या हाती कारभार द्यायचा, असे बडे उद्योगपती आणि उजवे लोक बोलत होते.

आणि चौथा: प्रतिकार थांबवायचा. अट न घालता, कारण प्वाँकारे अटीवर बोलायलाच तयार नव्हते. स्ट्रेझमाननी निदान तुरुंगातल्यांची सुटका आणि हद्दपार लोकांना परतीची परवानगी मिळावी म्हणून धडपड केली. तेही मिळाले नाही.

२६ सप्टेंबर

त्या दिवशी निष्क्रिय प्रतिकार मागे घेतल्याचे जाहीर झाले. आठ महिने पोरांसकट उपाशी राहिलेल्या लोकांना सांगायचे होते की पदरात काही पडलेले नाही आणि तरी थांबायचे आहे. १९१८ मध्ये युद्धबंदीवर सही करणाऱ्यांना पाच वर्षे 'गद्दार' म्हटले जात होते. त्यांतल्या एकाचा, एर्त्सबर्गर यांचा, खून झाला होता. तेच नाव आता आपल्या माथी लागणार हे स्ट्रेझमानना पुरते ठाऊक होते.

मला हा त्या वर्षातला सगळ्यात धाडसाचा निर्णय वाटतो. पण तो उशिरा झाला. जूनमध्ये झाला असता तर डॉलर लाख-दीड लाखाच्या घरात असताना झाला असता.

पुढचे सहा आठवडे

त्याच दिवशी बव्हेरिया प्रांताने आणीबाणी पुकारून गुस्ताव फॉन कार यांच्या हाती सर्वाधिकार दिले. उत्तर म्हणून एबर्टनी राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली देशभर आणीबाणी लावली. १ ऑक्टोबरला क्युस्ट्रीनच्या किल्ल्यात बेकायदा लष्करी टोळ्यांनी उठाव केला, तो फसला. सॅक्सनी आणि थुरिंगियात कम्युनिस्ट प्रांतिक सरकारांत शिरले. २१ ऑक्टोबरला आखेनमध्ये फुटीरांनी 'ऱ्हाइन प्रजासत्ताक' जाहीर केले. २३ ला हॅम्बर्गमध्ये कम्युनिस्टांनी पोलीस चौक्यांवर हल्ले केले. ५ नोव्हेंबरला बर्लिनच्या शॉयनेनफिअर्टेल वस्तीत जमावाने ज्यूंची दुकाने आणि घरे लुटली, माणसांना रस्त्यावर मारले.

सरकारने सॅक्सनीवर सैन्य पाठवले आणि निवडून आलेले प्रांतिक सरकार बरखास्त केले. बव्हेरियावर पाठवले नाही, तिथला लष्करी सेनापती बर्लिनचा हुकूम उघड झुगारत असतानाही. सेक्ट आपल्या सैनिकांना सैनिकांवर घालणार नाहीत, ही धास्ती होती. डाव्यांना एक न्याय आणि उजव्यांना दुसरा, असे म्हणून सोशल डेमोक्रॅट सरकारमधून बाहेर पडले. आठवड्याभरात, ८ नोव्हेंबरच्या रात्री, म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये अडोल्फ हिटलरने कार यांनाच पिस्तुलाच्या धाकावर धरले. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात तो उठाव संपला. संपला तो बव्हेरियाच्या पोलिसांमुळे. बर्लिनने त्यासाठी फारसे काही केले नव्हते.

रेंटेनमार्क

याच गोंधळात, अर्थमंत्रालयाच्या खोल्यांत, दुसरे काम चालले होते. त्या वर्षी पीक बरे आले होते, पण शेतकरी कागद घेऊन धान्य द्यायला तयार नव्हते. कोठारे भरलेली आणि शहरे उपाशी. हान्स लुथर आधी एसेनचे महापौर होते, मग अन्नमंत्री झाले. बटाटे का येत नाहीत हे त्यांनी रोज पाहिले होते. ६ ऑक्टोबरला ते अर्थमंत्री झाले.

कल्पना वेगवेगळ्या लोकांच्या होत्या. युद्धकाळातले अर्थमंत्री कार्ल हेल्फेरिख यांना राय धान्याच्या भावाशी बांधलेले चलन हवे होते. लुथरनी आराखडा घेतला, राय काढून सोन्याचे मूल्य घातले. १३ ऑक्टोबरला संसदेने सरकारला विशेषाधिकार दिले आणि १५ तारखेला वटहुकूम निघाला. देशातल्या शेतजमिनीवर आणि उद्योग-व्यापारावर ३२० कोटींचा बोजा चढवायचा आणि त्याच्या तारणावर नवी रेंटेनबँक 'रेंटेनमार्क' या नव्या चलनाच्या नोटा काढणार. जास्तीत जास्त २४० कोटी, त्यातले सरकारला १२० कोटी. त्यापुढे एक पैही नाही.

तारण खरे तर नावापुरते होते. नोट घेऊन कोणी शेताचा तुकडा मागायला जाऊ शकत नव्हते. आधार होता तो मर्यादेचा, आणि ती पाळली जाईल या विश्वासाचा. १२ नोव्हेंबरला चलन आयुक्त म्हणून ह्यालमार शाख्त यांना नेमले. त्यांना मंत्रालयात जी खोली मिळाली ती आधी झाडूपोछा ठेवायची होती. एक टेबल, एक टेलिफोन, एक लिपिक बाई. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क बाजारात आला आणि त्याच दिवशी राइशबँकेने सरकारच्या हुंड्यांवर नोटा देणे बंद केले. माझ्या मते त्या दिवसाचा इतिहास या वाक्याच्या दुसऱ्या भागात आहे.

२० तारखेला दर बांधला गेला: एक डॉलर म्हणजे ४.२ लाख कोटी कागदी मार्क, एक रेंटेनमार्क म्हणजे एक लाख कोटी. आजीच्या पाढ्यांतले एकं, दहं, शतं आठवत असेल तर हा आकडा महापद्म. पुढे फेब्रुवारी १९२४ च्या तारखेची शंभर लाख कोटींची नोट निघाली. ती जलधि. आपल्याकडे या संख्या पाठ करायच्या असतात, त्यांनी कोणी पाव विकत घेत नाही. हाफेनश्टाइन यांचे निधन त्याच २० नोव्हेंबरला झाले.

दर बांधून भागले नव्हते. ब्रिटिश ताब्यातल्या कोलोनमध्ये डॉलर अकरा लाख कोटींच्या वर जात होता. नगरपालिका आणि कारखाने स्वतःचे 'आपत्कालीन पैसे' छापत होते. शाख्तनी ते राइशबँकेत घेणे बंद केले आणि २५ नोव्हेंबरला कोलोनला जाऊन चिडलेल्या महापौर-कारखानदारांपुढे तेच सांगितले. सट्टेबाजांना ठरल्या दिवशी मार्क जमवता येईनात आणि डिसेंबरात कोलोनचा दर खाली आला.

याच सुमारास लुथर रूर-ऱ्हाइनलंडला जाणारी मदत तोडायच्या विचारात होते, नवे चलन वाचवायला. कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी त्यांना खडसावले की ऱ्हाइनलंडची किंमत कोणत्याही नव्या चलनाहून जास्त असली पाहिजे. मदत पूर्ण तुटली नाही.

डिसेंबरात सरकारने ठरल्या मर्यादेपलीकडे आणखी कर्ज मागितले. रेंटेनबँकेने नकार दिला. हाफेनश्टाइननी पाच वर्षांत न उच्चारलेला शब्द या नव्या, महिन्याभराच्या बँकेने उच्चारला, आणि तिथे मार्क वाचला.

निष्पत्ती

स्ट्रेझमान १५ नोव्हेंबरनंतर आठवडाभरच टिकले. २३ तारखेला विश्वासठराव हरले, त्यात सोशल डेमोक्रॅटांची मते विरुद्ध गेली. एबर्टनी आपल्याच पक्षाला बजावले होते की चॅन्सेलरला का पाडले ते सहा आठवड्यांत विसराल, परिणाम दहा वर्षे भोगाल. दहा वर्षे पुरी व्हायच्या आतच, जानेवारी १९३३ मध्ये, म्युनिकचा तो माणूस चॅन्सेलर झाला.

सरकारी नोकरकपातीचा हुकूम ऑक्टोबरातच निघाला होता. १९२४ च्या वसंतापर्यंत रेल्वे आणि टपाल धरून जवळजवळ चार लाख लोक कमी केले. डिसेंबर १९२३ मध्ये संघटित कामगारांपैकी २८ टक्के बेकार होते. आठ तासांचा दिवस, १९१८ च्या क्रांतीने मिळवलेला, व्यवहारात गेला. अर्थसंकल्प जमेला आला तो याच्यावर.

१९२४ च्या डॉज योजनेने नुकसानभरपाईचे हप्ते बेताचे केले, ८० कोटी सुवर्णमार्कांचे कर्ज मिळाले, आणि ऑगस्ट १९२५ पर्यंत फ्रेंच रूरमधून गेले. प्वाँकारेंना हवे ते मिळाले नाही, जर्मनांनाही प्रतिकारातून ते मिळाले नव्हते. बचत करणाऱ्यांचे काय? १९२५ च्या कायद्याने जुन्या गहाणखतांवर मूळ किमतीच्या २५ टक्के मान्य केले, युद्धरोख्यांवर त्याहून कितीतरी कमी. देशासाठी म्हणून रोखे घेतलेला निवृत्त शिक्षक आणि त्याची विधवा यांनी हे विसरावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

वेगळे काय करता आले असते

पहिली जागा जानेवारीची. प्रतिकार पुकारायचाच होता तर त्याच आठवड्यात संपत्तीवर, सोन्याच्या मूल्यात मोजलेला कर लावायला हवा होता. लोक तेव्हा एकवटलेले होते, नकार देणाऱ्याला तोंड दाखवायला जागा नव्हती. सोन्याच्या हिशेबातले कर आणि रूरसाठी खास आकारणी शेवटी आली ती ऑगस्टमध्ये, कूनो जायच्या तोंडावर. ऑक्टोबरात सरकारी खर्चाच्या शंभर मार्कांतला जेमतेम एक करातून येत होता.

दुसरी जागा फेब्रुवारी ते एप्रिलची, बँकेने दर धरून ठेवला ते दोन महिने. कूनोंचा ३,००० कोटी सुवर्णमार्कांचा प्रस्ताव गेला तो २ मेला, बांध फुटल्यानंतर. हातात काही शिल्लक असताना बोलणी करणे आणि काहीच नसताना करणे यात किती अंतर असते हे प्वाँकारेंच्या उत्तरात दिसले.

तिसरी जागा ऑक्टोबरअखेरची, सॅक्सनी आणि बव्हेरियाची. इथे माझे मत पक्के नाही. बव्हेरियावर सैन्य पाठवले असते आणि सेक्टनी हुकूम मोडला असता, तर प्रजासत्ताक त्याच दिवशी गेले असते. पण सॅक्सनीचे निवडून आलेले सरकार मोडण्याची घाई तरी टाळता आली असती. त्या घाईने सोशल डेमोक्रॅट सत्तेबाहेर गेले ते १९२८ पर्यंत. आणि ज्या विशेषाधिकारांनी चलन वाचले, त्याच विशेषाधिकारांची सवय राज्यकर्त्यांना लागली. १९३० नंतर ४८ वे कलम रोजच्या कारभाराचे हत्यार झाले.

रेंटेनमार्क आधी का आला नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. जूनमध्ये तो आला असता तर मोडला असता असे मला वाटते, कारण रूरला पैसे जात होते आणि सरकार १२० कोटींत भागवू शकले नसते. आधी २६ सप्टेंबर यायला हवा होता. तो जितका उशिरा आला तितकी माझ्या टेबलावरच्या नोटेसारख्या नोटांवर लाल शाई चढत गेली.